लाखेच्या गोदामातलं सिनेगॉग

गोंदिया, रविवार, ९ जानेवारी १९२७

आज गोदाम मिळालं. फुलचूरच्या रस्त्यावरचं छोटेलाल शेठचं लाखेचं गोदाम तीन वर्षं रिकामं पडलं होतं. शेठ म्हणाला, "भगवान का ही काम है, ओव्हरसियर बाबू, ले लो." मी फीत खिशात घालूनच गेलो होतो. आतून बेचाळीस फूट लांब, बावीस रुंद, भिंती दोन फुटी, कैच्या सागाच्या, वर कौलं. भिंतींत लाखेचा वास असा मुरला आहे की घरी आल्यावर मिल्काने मला सदरा ओसरीवरच काढायला लावला.

ही वही पुढेमागे पुण्याच्या लेकीच्या हाती पडली तर तिच्या मुलांना कळावं म्हणून नीट लिहितो. गोंदियात आम्हा इस्राएलांची, म्हणजे यहुद्यांची, सात घरं. सगळी रेल्वेची. कुणी गार्ड, कुणी फिटर, सामाजीकाका पेन्शनीत, आणि मी दानिएल एलोजी कोलेटकर, ओव्हरसियर. शब्बाथची, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाची, प्रार्थना आजवर माझ्या ओसरीवर होत आली. पण सेफेर तोरा, म्हणजे चर्मपत्रावर हातानं लिहिलेलं आमचं शास्त्र, उघडून वाचायचं तर दहा पुरुष लागतात. मुंबईच्या सिनेगॉगाची, म्हणजे तिथल्या आमच्या प्रार्थनामंदिराची, कमिटी आम्हाला एक सेफेर तोरा वापरायला द्यायला तयार आहे. अट दोनच. तो ठेवायला नीट जागा हवी, आणि दर शब्बाथला दहा भरले पाहिजेत. नाही भरले तर परत.

जागा झाली. माणसं नऊ आहेत. दहाव्याचं बघू.

मिल्का विचारते, तुम्हाला एवढी घाई कसली लागली आहे? तिला कलकत्त्याची हकीकत मी कधी सांगितली नाही. चार वर्षांपूर्वी बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी कामासाठी तिथे होतो. तिथल्या एका भल्यामोठ्या सिनेगॉगात गेलो. संगमरवरी फरशी, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, निळ्या छतावर सोनेरी तारे. आत नऊ बगदादी यहुदी शेठ दहाव्याची वाट बघत बसले होते. मी पुढे गेलो, खांद्यावर तल्लीथ, प्रार्थनेची शाल, घेतली, नाव सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पुन्हा दाराकडे बघू लागले. अर्ध्या तासाने एक तरुण पोरगा आला, तेव्हा प्रार्थना सुरू झाली. मला मोजलंच नव्हतं. हिंदुस्तानी इस्राएल म्हणजे अर्धामुर्धा, असा त्यांचा समज. तोंडावर कुणी काही बोललं नाही, म्हणून उलट बोलायचीही सोय नव्हती. तो अर्धा तास आठवला की आजही कानशिलं तापतात.

आपल्याला कुणी बाहेरचं म्हणणार नाही अशी एक तरी जागा आपली हवी.

रविवार, १३ फेब्रुवारी

दारापाशीच गाडं अडलं. गोदामाचा दरवाजा पश्चिमेला. यरुशलेम इथून पश्चिमेला, म्हणून सेफेर तोराचं कपाट, ज्याला आम्ही हेखाल म्हणतो, ते पश्चिमेच्याच भिंतीत हवं. म्हणजे आहे ते दार बुजवायचं आणि पूर्वेला नवं पाडायचं. सुखराम गवंड्याला हे समजावताना माझा घसा बसला.

"मंदिराचा दरवाजा पूर्वेले रायते," तो म्हणाला, "मस्जिदीत तोंड पश्चिमेले करतेत. तुमचं कोन्तं, बाबूजी?"

"आमचं दोन्ही," मी म्हणालो.

त्याने जरा विचार केला. "मंग मजुरीबी दोघाईची लागन." आणि खो खो हसत सुटला. माणूस बेरकी आहे पण ओळंब्याला पक्का.

लाकूडकामाला त्यानेच एक सुतार आणला. उदाराम मिस्त्री. तिशीतला, उंच, कमी बोलणारा. मी कागदावर तेबा काढून दाखवली. तेबा म्हणजे सिनेगॉगाच्या मधोमध कठड्याचा चौथरा, त्यावर उभं राहून हझ्झान प्रार्थना म्हणतो. उदाराम कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "कठडा आठ बाजूचा करा जी. बाप सांगे, मुंबईले आठ बाजूचा हाये."

मी विचारलं, तुझा बाप मुंबईला कुठे गेला होता? तो लाकूड मोजायला लागला.

रविवार, २० मार्च

उदारामचा उलगडा झाला. परवा मी गोदामात गेलो तेव्हा तो एकटाच रंधा मारत होता आणि तोंडानं चक्क शेमा, आमची रोजची प्रार्थना, म्हणत होता. उच्चार जरा हिकडचे तिकडचे, पण शब्द एकही चुकला नाही. मी दारातच थबकलो.

त्याचा बाप मोशे थळकर. नॅरोगेजवर फायरमन होता, लढाईनंतरच्या इन्फ्लुएंझात गेला. मला पुसटसा आठवतो. केशोरीकडच्या एका गोंड बाईशी त्याने घर मांडलं, ती रुख्माबाई उदारामची आई. अजून हयात आहे. मोशेने आठव्या दिवशी मुलाची सुंता केली, नाव ठेवलं एझ्रा. आईच्या माणसांनी उदाराम ठेवलं आणि तेच चाललं. अशांना आमच्यात 'काळे इस्राएल' म्हणतात. त्यांना दहात मोजायचं नाही, सेफेर तोराजवळ बोलवायचं नाही, अशी वडिलोपार्जित चाल. अलीकडे मुंबईत ती सैल झाली म्हणतात. खरंखोटं माहीत नाही.

"मी शनवारी हत्यार हातात नाई धरत, बाबूजी," तो म्हणाला. "गिऱ्हाईक शिव्या देते. देऊ द्या."

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक बात विचारू का? तोरा वाचाले नाव घेऊन बलावतेत नाई? एझ्रा बेन मोशे, असं. बाप जाताना म्हने, तुह्या नावाच्या मांगं माहं नाव त्या जागी एक डाव आयकू आलं पायजे होतं."

मला भरून आलं. मी म्हणालो, "येईल ऐकू. नऊ जण आहेत आमच्यात. दहावा तू."

"खरंच का जी?"

"मी म्हणतो ना."

नऊ अधिक एक दहा. देवाने दहावा माणूस पाठवला तोही हातात रंधा देऊन. घरी येऊन मिल्काला सांगितलं तर ती म्हणाली, "सामाजीकाकांना विचारलंत?" बायकांना चांगल्या बातमीत खडा काढल्याशिवाय चैन पडत नाही.

रविवार, १५ मे

ऊन असं की दुपारी कौलांखाली उभं राहवत नाही, आणि उष्म्याने भिंतींतली लाख पुन्हा वास सोडू लागली आहे. तरी काम थांबलं नाही. बायकांसाठी वरची गॅलरी झाली, रेल्वेने मोडीत काढलेल्या स्लीपरांवर उभी आहे, तिच्यावरून हत्ती चालेल. खिडक्यांना रंगीत काच परवडणारी नव्हती. स्टोअरच्या लिलावात बाद सिग्नलांची भिंगं निघाली, लाल आणि हिरवी, ती उदारामने लाकडाच्या गोल चौकटीत बसवली. सकाळी नऊच्या सुमाराला तेबावर एक लाल आणि एक हिरवा ठिपका पडतो. त्याने हे आधीच हेरून चौकटी बसवल्या होत्या. मला एका शब्दानं बोलला नाही.

तेबा आठ बाजूंची झाली. कठड्याला एकही खिळा नाही. मी मुद्दाम तेबावर उभा राहून हळू आवाजात बोललो, तर मागच्या बाकावर बसलेल्या मिल्काला शब्द न् शब्द ऐकू गेला. छप्पर उतरतं आहे त्याचा हा गुण. असं काम सरकारी बंगल्यातही निघालं नाही माझ्या हातून.

आज सामाजीकाका बघायला आले. सगळं फिरून पाहिलं, कठड्यावरून काठी फिरवली, छान झालंय म्हणाले. मग मला बाजूला घेतलं.

"दहावा म्हणून या पोराचं नाव घेतोस असं ऐकलं."

"मोशे थळकराचा मुलगा आहे, काका. तुम्ही मोशेबरोबर काम केलंय."

"बाप कोण ते मी विचारलं नाही, दानिएल."

मी म्हटलं, बघू. त्यांचं वय सत्तर, त्यांच्याशी काय वाद घालायचा. मुंबईहून हझ्झान येतील, त्यांचा शब्द काका मोडणार नाहीत. त्यांना विचारायचं आणि एकदाचं मिटवायचं.

मंगळवार, २ ऑगस्ट

मुंबईचं पत्र आलं. हझ्झान रहमीम आष्टमकर स्वतः सेफेर तोरा घेऊन येणार. शनिवार १० सप्टेंबरचा पहिला शब्बाथ. नागपूर आणि बिलासपूरची माणसंही येणार. उदारामला सांगितलं. त्याने नवीन टोपी शिवायला टाकली आहे, पांढरी. रुख्माबाईलाही केशोरीहून आणणार आहे, गॅलरीत बसवायला.

रविवार, ११ सप्टेंबर

शब्बाथला लिहीत नाही, म्हणून आज.

सगळं उत्तम पार पडलं. पुरुषच तेवीस भरले. हझ्झानसाहेब शुक्रवारी सकाळच्या मेलने उतरले. सेफेर तोरा मुंबईपासून मांडीवर घेऊन बसले होते, बाकावरसुद्धा टेकवला नाही म्हणे. हडकुळे, पांढऱ्या दाढीचे, मिश्किल. आत आल्यावर मान वर करून खिडक्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कोलेटकर, लाल आणि हिरवं दोन्ही दाखवता. भक्ताने थांबायचं की पुढं जायचं?" नागपूरकर सगळे हसले. शुक्रवारी त्यांच्याशी एकट्याने बोलायला निवांत वेळ सापडला नाही. म्हणजे स्टेशनपासून घरापर्यंत टांग्यात आम्ही दोघेच होतो, पण ते इमारतीविषयी इतकं आपुलकीनं विचारत होते की विषय निघाला नाही.

शनिवारी सकाळी उदाराम पांढरी टोपी घालून मागच्या बाकावर बसला होता. सेफेर तोरा हेखालमधून निघाला, तेबावर आला. वाचायला पहिलं कुणाला बोलवायचं ते ठरवायच्या आधी हझ्झानसाहेबांनी कठड्यावरून तळहात फिरवला, मागे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "तो मागे बसलाय, तो कोण?"

माझ्या डाव्या हाताला सामाजीकाका. मागे नागपूरचे दोन पेन्शनर अधिकारी, एक वकील. सगळे मान पुढे करून ऐकत होते.

मी म्हणालो, "आमचा सुतार आहे."

त्यांनी मान हलवली. पहिला मान मला दिला. माझं नाव, बाबांचं नाव त्या छपराखाली घुमलं. डोळ्यांत पाणी आलं.

वाचून वळलो तेव्हा मागचा बाक रिकामा होता. उदाराम बाहेर पायरीवर बसला होता. गॅलरीतली त्याची आई मात्र शेवटपर्यंत बसून होती; तिला बिचारीला काय चाललंय ते कळलं नसावं. अधूनमधून खाली माझ्याकडेच बघत होती.

खोटं काय बोललो? सुतार आहेच तो. तेवीस माणसं होती, दहाव्याचा प्रश्नच आला नाही. भर समारंभात वाद निघाला असता तर सगळ्यांचाच विरस झाला असता.

जेवण फार छान झालं. मी दोन घास खाऊन उठलो, उन्हाने डोकं दुखत होतं.

मंगळवार, १३ सप्टेंबर

उदाराम आला होता. गॅलरीच्या जिन्याची एक पायरी करकरते म्हणून ठोकायला. ठोकून झाल्यावर उभाच राहिला.

"बाबूजी, तुमी तं दहावा म्हनलं होतं."

मी काय सांगणार होतो ते माझं मलाच माहीत नव्हतं. तोंडातून निघून गेलं की शुक्रवारीच हझ्झानसाहेबांना विचारलं होतं, त्यांनी साफ नाही म्हटलं, मुंबईचा नियमच तसा. चारचौघांत तुझी शोभा नको म्हणून मी सुतार म्हणालो.

मग त्याचा चेहराच निवळला. खरंच निवळला.

"म्हंजे तुमी माही इज्जत वाचवली," तो म्हणाला. "अन् मी चार दिवस तुमाले काय काय म्हनून राहिलो मनात. माफ करजा जी."

आणि माझ्या पायांना हात लावायला वाकला. मी मागे सरलो.

मिल्काला एवढंच सांगितलं की हझ्झानसाहेबांनी परवानगी दिली नाही. ती म्हणाली, "कधी विचारलंत? शुक्रवारी ते पूर्ण वेळ आपल्याच घरी होते, मी वाढत होते." मी म्हटलं, टांग्यात. ती पुढे काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त बोलते.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

काल दारफळणीचा सण. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही आणि चोवीस तास उपास धरून प्रार्थना करायची. देवानेच यंदा दहावा पाठवला. बिलासपूरहून बदलून आलेला गार्ड चेऊलकर. बरोबर दहा झालो. कुणाला विचारायची गरज उरली नाही.

दुपारनंतर उपासाने डोळ्यांपुढे अंधारी येत होती. हवेसाठी मी पूर्वेचं दार बोटभर उघडलं. उदाराम पायरीवर बसला होता, पांढरी टोपी घालून, पाठ दाराला टेकून. सकाळपासून होता. तोही उपाशी होता. दार त्याच्याच हातचं, घट्ट बसतं, आवाजही फारसा बाहेर जात नसणार. मी लावून घेतलं.

आज शिळा सण. आदल्या दिवशीचा उपास सुटल्यावर एकमेकांकडे जायचं, दानधर्म करायचा. मिल्काने एक ताट झाकून उदारामकडे पाठवायला काढलं. मी म्हटलं, दानाचं ताट त्याला कशाला? ती म्हणाली, "दान नाही. घरच्यांकडे जायचा दिवस आहे ना आज?" आणि स्वतःच घेऊन गेली.

परत आल्यावर मला म्हणाली, "तुमचं फार चांगलं बोलत होता." ते तिने अशा आवाजात सांगितलं की मला ऑफिसचं काम आठवलं.

रविवार, १० जून १९२८

बरेच महिने वही उघडली नाही. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, म्हणजे चांगलंच चाललं होतं. दर शब्बाथला दहा. हेखाल उघडायचा, वाचायचं, बंद करायचा. कौलांतून एक चिमणी आत येते, तिलाही आता कुणी हाकलत नाही.

उदाराम दर शनिवारी पायरीवर येऊन बसतो. आम्हाला त्याची सवय झाली. जाता-येता शालोम म्हणतो, आम्हीही म्हणतो. सामाजीकाकासुद्धा म्हणतात. तो कुणावर रागावलेला नाही. फक्त मुंबईचं नाव काढलं की थुंकतो.

काल चेऊलकराच्या बदलीची ऑर्डर आली. खरगपूर. पंधरा दिवसांत जाणार.

रविवार, १४ ऑक्टोबर

आता तीन महिने झाले, नऊच. यंदाचा दारफळणीचा सण नऊ जणांनी केला, सेफेर तोरा कपाटातच. हेखालचा पडदा बाजूला करायचा, बघायचं आणि परत ओढून घ्यायचा. मुंबईच्या कमिटीला कुणीतरी कळवलं असावं. पत्र आलं, नोव्हेंबरअखेर दहा भरत नसतील तर सेफेर तोरा सन्मानाने परत पाठवावा, दुसऱ्या गावाची मागणी आहे.

सेफेर तोरा गेल्यावर उरतं काय? रंगीत काचांचं गोदाम.

मी पत्र घेऊन सामाजीकाकांकडे गेलो. ते फार थकले आहेत. वाचून त्यांनी पत्र माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "मोशेच्या पोराचं मुंबईला पुन्हा विचारून बघ. हझ्झान हो म्हणाले तर माझी हरकत नाही. मरायच्या आधी माझ्या कानांवर वाचन पडू दे."

म्हणजे अडसर निघाला! मी आजच हझ्झान आष्टमकरांना लिहिलं. मोशेची हकीकत, सुंता, शब्बाथ पाळतो ते सगळं. 'पुन्हा' हा शब्द तेवढा लिहिला नाही.

गुरुवार, १ नोव्हेंबर

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो.

"आपलं पत्र वाचून आनंदही झाला आणि वाईटही वाटलं. बाप इस्राएल, सुंता झालेली, शब्बाथ पाळतो. तिघांच्या साक्षीनं वाहत्या पाण्यात स्नान करवून घ्या, मग त्याला दहात मोजायला आणि सेफेर तोराजवळ बोलवायला माझी पूर्ण संमती आहे. इथे मी अशा दोघांना गेल्या चार वर्षांत घेतलं. कमिटीला मी सांगतो, सेफेर तोरा तुमच्याकडेच राहील. वाईट याचं वाटलं की मी तिथे असतानाच हे व्हायला हवं होतं. पहिल्या शब्बाथला शेमाबरोबर त्याचे ओठ हलताना मी पाहिले, म्हणूनच तो कोण असं तुम्हाला विचारलं. तेबा करणारा आपल्यातला असेल तर पहिला मान त्याचा, अशी माझ्या वडिलांची रीत होती. तुम्ही सुतार म्हणालात. मला वाटलं, बाहेरचा कारागीर, ऐकून ऐकून पाठ झालं असेल. तुम्ही त्याआधी किंवा नंतर त्याच्याविषयी एक शब्द काढला असतात तर मी तिथेच त्याला बोलावलं असतं."

सेफेर तोरा राहणार. उदाराम आत येणार. मला उड्या मारायला हव्या होत्या.

पहिला मान त्याचा होता. तो मी घेतला.

मिल्काने पत्र दोनदा वाचलं. मी म्हटलं, उद्या त्याच्याकडे जातो, संमती मिळाली तेवढं वाचून दाखवतो. ती म्हणाली, "सगळं वाचा."

"त्याने काय साधणार? तो आत आला म्हणजे झालं ना?"

"ज्या घरात तो येणार आहे त्यात काय काय पुरलंय ते त्याला माहीत असू दे," ती म्हणाली. एवढी वर्षं संसार केला, पण अशा नजरेने तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

रविवार, ४ नोव्हेंबर

शुक्रवारी सकाळी गेलो. दुकानात एका बैलगाडीचं जू तासत होता. पत्र दाखवलं तसा हात धोतराला पुसून समोर बसला. मुंबईचं म्हटल्यावर कपाळाला आठी होतीच.

मी वाचायला लागलो. संमती आहे इथपर्यंत आलो तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसत होता की रडत होता, सांगता येणार नाही. मी थांबलो. मला तिथेच थांबायचं होतं. कागदाची घडी घालायला लागलो.

"काऊन थांबले जी? अजून लिवलं हाये ना. वाचा ना."

मी वाचलं. ओठ हलताना पाहिले ते वाचलं. पहिला मान वाचला. शेवटपर्यंत वाचलं. मिल्काला घाबरून वाचलं की देवाला घाबरून, कोण जाणे.

त्याने जुवावरचा भुसा हाताने झाडला.

"म्हंजे शुकरवारी तुमी विचारलंच नोतं."

"नाही."

"अन् नंतरबी नाई."

"नाही, उदाराम. मी घाबरलो. सामाजीकाका बाजूला होते, नागपूरचे लोक होते..." पुढचं मलाच ऐकवेना.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी तयारीनं गेलो होतो. तो हळूच म्हणाला, "दोन दारफळन्या मी त्या पायरीवर काढल्या. दोन्ही डाव त्या मुंबईच्या म्हाताऱ्याले शिव्या दिल्या. उपाशी पोटी. अन् तुमच्यासाठी दुवा मागतली."

मी म्हणालो, चल, जे झालं ते झालं, नदीवर स्नान करू, उद्याच्या शब्बाथला तुझं नाव घेऊन बोलावतो, तुझ्या बापाचं नाव घेऊन. हात जोडले. खरंच जोडले, भर रस्त्यावर.

"नाई जी," तो म्हणाला. "बाप म्हने, नाव त्या जागी आयकू आलं पायजे. पन ते तुमच्या तोंडून नोको."

मी उठलो. उंबऱ्यापाशी त्याने हाक मारली. वाटलं, मन बदललं.

"त्या म्हाताऱ्याले माही माफी लिवून धाडजा. म्या त्याले फुकट शिव्या घातल्या."

"लिहितो. एझ्रा म्हणून लिहितो."

"नोको," तो म्हणाला. रंधा पुन्हा हातात घेतला होता. "तुमचा सुतार म्हनून लिवजा."

काल नऊ भरलो. पायरी रिकामी होती. सामाजीकाकांनी विचारलं, "येणार होता ना रे तो? का नाही आला?" मी सगळ्यांसमोर, तेबाला धरून, खरं काय ते सांगितलं. छप्पर उतरतं असल्यामुळे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. काका उठून बाहेर गेले आणि म्हातारं माणूस जसं बसेल तसं हळूहळू त्या पायरीवर बसले.

आज सकाळपासून हझ्झानसाहेबांना पत्र लिहायला बसलो आहे. सेफेर तोरा बुधवारच्या मेलने निघेल, सोबत मी येतो, हे लिहून झालं. मग माफीचं. मजकूर दोन ओळींचा आहे. तोही झाला. खाली कुणाकडून ते लिहायचं राहिलं आहे. मिल्का दोनदा जेवायला बोलावून गेली.